चेटकिणीला दिलेला चेहरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — हसू नका.

मी डहाणू रोडला राहते, कॉमिक्सची चित्रं काढते. परदेशातल्या जुन्या तलवारबहाद्दरांच्या, जादूटोण्याच्या कथा असतात ना — त्या मराठीत चित्रांतून आणायचं काम. एका कथेत चेटकीण होती. संपादक पानं सारखी परत पाठवायचे — हिची भीतीच वाटत नाही म्हणे! मी वैतागले. आणि मग... काकीचा चेहरा दिला. माझी सख्खी काकी. विधवा, पाड्यावर एकटीच राहणारी. खोल डोळे, पुढे आलेले दात, कपाळावर गोंदण. तिचाच का? सोपा होता म्हणून. लहानपणी आई शेतावर गेली की काकीच मला भरवायची. तो चेहरा मला न बघता काढता यायचा.

संपादक खूश. पुस्तक आलं तेव्हा मिरवायला प्रती घेऊन मीच गेले — सायवनच्या पुढे आमचा पाडा. अक्कल कुठं गहाण टाकली होती, देव जाणे! पोरं ओरडली, "अरे, ही तर काकी!" सगळे हसले. काकीही हसली. "माझे दात एवढे मोठे आहेत का गं?" म्हणाली.

मग भातकापणीच्या सुमारास काकीच्या शेजारची लेक तापानं फणफणली. ताप उतरेना. आणि कुणीतरी ते पुस्तक बाहेर काढलं.

आमच्याकडे 'भुताळी' — म्हणजे चेटकीण — हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. बाईला एकदा चिकटला की तिचं घर जातं, पाणी बंद होतं — कधी जीवही जातो. तोच शब्द काकीला लावतायत, ये म्हणून मला निरोप आला. मी ठरवूनच गेले होते — सांगायचं, अरे बाबांनो, सगळं खोटं आहे, पोटापाण्याचं काम आहे ते.

काकीच्या अंगणात माणसं बसलेली. भगतानं — कुणी केलं, कुणाची बाधा, ते सांगणारा तोच — ते पान माझ्यासमोर धरलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे तू मनानं काढलं, का तुला दिसलं?"

कळतंय ना तुम्हाला, तो काय विचारत होता? मनानं काढलं म्हणाले असते तर — असलं जिच्या मनात येतं ती बाई कोण? सगळे डोळे माझ्यावर. काकी ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. निवांत! घरची पोर आली, आता सुटले, असंच तिला वाटत होतं.

मी म्हणाले, "दिसलं."

काकीला त्याच दिवशी पाडा सोडावा लागला. ती लेक पुढे सरकारी दवाखान्यात बरी झाली. काकीला परत कुणी बोलावलं नाही. मीही नाही. तलासरीकडे भावाच्या घरी असते म्हणतात. तिकडेही ते पुस्तक पोचलं असेल का? साधा फोन वाजला तरी मी दचकते.

मागच्या बाजाराच्या दिवशी ती स्टेशनबाहेर दिसली, पालेभाजी घेऊन बसलेली. मी थांबले. काहीतरी बोलणार होते — खरंच. तिनं वर पाहिलं, मला ओळखलं, आणि घाईघाईनं पदर तोंडावर ओढून घेतला.