ढोम्यांचं गाणं ऐकणारा याचुआन

सान्दूच्या खाडीतली माणसं एक नंबरची बढाईखोर. पण वंग याचुआनच्या कानाबद्दल कोणी कितीही फुशारकी मारली, तरी ती खरीच निघायची. चौथ्या महिन्याच्या उधाणाला पिवळे ढोमे मासे अंडी घालायला खाडीत शिरतात आणि शिरताना गातात. बाकीच्यांना ती नुसती बेडकांची डरावडराव वाटे. याचुआन पोकळ बांबूचं एक टोक पाण्यात सोडी, दुसरं कानाला लावी आणि सांगे, "माद्या पुढे आहेत, नर मागे. सहा वाव खोल. थांबा जरा, अजून जमताहेत."

तो होडीत जन्मला, होडीतच त्याचं लग्न लागलं आणि पाच मुलंही होडीतच झाली. जमिनीवरचे लोक होडीवाल्यांना 'वाकडपाये' म्हणत. होडीत उकिडवं बसून बसून यांचे पाय वाकतात म्हणे! एरवी बाजारात वाकडपाया, आणि ढोम्यांच्या दिवसांत मात्र "याचुआनदादा, या, चहा घ्या!" याचुआनला हे सगळं कळत होतं. चहा तो तरीही प्यायचा.

त्याचा एकच हट्ट होता. गाणारा पहिला थवा सोडून द्यायचा, त्याला अंडी घालू द्यायची. त्याच्या बापाचाही हाच हट्ट होता. लोक मागून हसत, पण ऐकत, कारण त्याच्याशिवाय मासा सापडत नव्हता.

मच्छीमारांचा सहकारी संघ निघाला त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याचा मेहुणा बाओगुई दक्षिणेकडून नवी युक्ती शिकून आला. या बाओगुईला वल्हं धरायला याचुआननेच शिकवलं होतं.

"भाऊजी, दोन मोठ्या होड्या आणि तीस होडकी," बाओगुई सांगू लागला. "प्रत्येकात एक लाकडी फळी. थव्याला घेरायचं आणि सगळ्यांनी एकदम बडवायचं. ढोम्याच्या डोक्यात ते दोन खडे असतात ना, ते असे हादरतात की मासा आपोआप वर!"

"लहानही?"

"लहानही."

"मग पुढच्या वर्षी काय बडवणार? कपाळ?"

बाओगुई हसला. दोन दिवसांनी त्याने स्वतःहून दर्यादेवीच्या देवळात उदबत्त्या लावल्या आणि भाऊजींसमोर हात जोडले. "बडवणं सोडलं. तुम्ही फक्त जागा दाखवा. जाळीच नेऊ, आईची शपथ!" याचुआनला भरून आलं. पोरगं सुधारलं, असं तो बायकोला म्हणालासुद्धा.

उधाणाच्या दुपारी त्याने बांबू पाण्यात सोडला. एवढं दाट गाणं त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. पहिला थवा त्याने सोडून दिला होता; हा दुसरा, पण केवढा! त्याने हात वर केला. "इथे."

बाओगुईने लाल फडकं हलवलं. भूशिराच्या आडून होडकी बाहेर पडली. दहा, वीस, तीस. याचुआन मोजत होता तोवर फळ्या बडवायला सुरुवातही झाली. बांबू अजून कानालाच होता. तो आवाज त्याच्या डोक्यात घुसला तसा तो मागे कोसळला. उठून त्याने पुन्हा कान लावला. खाली काहीच नव्हतं.

मग पाणी पिवळं झालं. हातभर लांब ढोमे, पोटात अंडी असलेल्या माद्या, आणि त्यांच्यामध्ये बोटाएवढी पिल्लं, डोळे बाहेर आलेली. होडक्यांतली माणसं आनंदाने ओरडत होती. याचुआनने मेहुण्याची गचांडी धरली.

"शपथ घेतली होतीस तू!"

"जाळी आणलीत की, भाऊजी," बाओगुई दात काढत म्हणाला. "वरचे मासे उचलायला लागतातच ना!"

आपल्याच कानाने आपण हा थवा मारला, ही गोष्ट याचुआनला सहन होईना. बाओगुईने केसाने गळा कापला होता, आणि तोही गोड बोलून. घरच्या होडीकडे वल्हवताना तो रडला. निदान बायकोपाशी, ल्येनच्यापाशी, मन मोकळं करावं, भावाला तिने चार शिव्या घालाव्यात, एवढीच त्याची अपेक्षा होती.

बायको होडक्यातून आधीच पोचलेले ढोमे साफ करत बसली होती. तिच्यामागे मिठाची पोती रचलेली होती, छतापर्यंत. एवढे मासे खारवायला पुरेल इतकं मीठ संघाकडून अर्ज केल्याशिवाय मिळत नाही, आणि अर्जाला दिवस लागतात.

"मीठ कधी आणलंस?"

"परवा."

तो खाली बसला. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"तीन महिने पोरं रताळ्यांवर आहेत. धाकटीचे पाय सुजलेत, दिसत नाही तुम्हाला?" तिची सुरी थांबली नाही. "शपथ घे म्हणून मीच सांगितलं बाओगुईला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कान लावला असता तुम्ही?"

ल्येनच्याने त्याच्या जेवणासाठी बाजूला ठेवलेला सगळ्यात मोठा ढोमा पुढे ओढला आणि त्याची खवलं काढायला घेतली.