मेहुणीची पावडर मी दुरुस्त केली

स्वतःच्या मूर्खपणाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपवायची माझी जुनी सवय. पण या प्रसंगाला साक्षीदार दोन, आणि त्यातली एक माझी बायको. तेव्हा काय लपवणार? ऐका.

माझी मेहुणी रूपाली अकोल्याची. ब्युटी पार्लरचा कोर्स करून पुण्यात आली आणि हडपसरला आमच्याकडेच राहिली. तिला नवरीच्या मेकअपची पहिलीवहिली ऑर्डर मिळाली. शनिवारी संध्याकाळी रिसेप्शन, पाच वाजता हॉलवर हजर. सकाळी ती आणि मीनल, म्हणजे माझी बायको, गजरे-पिना आणायला बाहेर पडल्या.

मी घरात एकटा. चार्जर शोधत होतो. रूपालीच्या मेकअपच्या पेटीला हात लागला आणि एक गोल डबी थाडकन फरशीवर!

उघडून बघतो तर काय, आतल्या पावडरचा पार भुगा! वर भोकांची एक प्लास्टिकची जाळी होती, मीठदाणीला असते तशी. आता ती जाळी कशाला असेल, हा विचार एखाद्याने केला असता. मी केला नाही. मी लगेच इंटरनेट उघडलं.

'फुटलेली पावडर घरच्या घरी पुन्हा घट्ट बसवा.' अहो, सोपं होतं! भुग्यात थोडं अल्कोहोल घालायचं, दाबायचं, वाळवायचं.

गेलो खालच्या मेडिकलमध्ये. "अल्कोहोल आहे का?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाइन शॉप कोपऱ्यावर आहे."

"तसलं नको हो. लावायचंय."

"तिथेही सगळे लावायलाच येतात."

"स्पिरिट हो, स्पिरिट! जखमेला लावतात ते!"

"मग तसं म्हणा. जखम कुठे आहे?"

"जखम नाही, पावडर फुटलीय."

काकांनी बाटली ठेवली आणि मागच्या बाईंना म्हणाले, "हं, बोला."

घरी येऊन मी ती जाळी काढून फेकली. भुग्यात स्पिरिट घालून थालीपीठासारखं मळलं, डबीत थापलं, वरून रुमालात गुंडाळलेली वाटी दाबली. दाबली म्हणजे काय, अंगातलं सगळं बळ लावलं! मग गॅलरीत कडक उन्हात ठेवली. तीन वाजता काय सुरेख वडी बसली होती म्हणून सांगू! मी तर काट्याने वर फुलाची नक्षीही काढली.

चारला दोघी आल्या. रूपालीने घाईघाईत सामान तपासायला घेतलं. ती डबी उघडली. पाहिलं. पालथी करून तळहातावर आपटली. काही पडेना. पुन्हा आपटली.

"ताई, हे काय झालंय गं?"

मी सोफ्यावरून विनयाने उठलो. "मी दुरुस्त केली. फुटली होती ना!"

"काय फुटलं होतं?"

"पावडर. अगं, पार भुगा झाला होता."

"भाऊजी," रूपाली अगदी हळू म्हणाली, "ती भुगाच असते."

मग मीनल जी हसत सुटली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. रूपालीच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. पहिली ऑर्डर, तासाभरात नवरी समोर बसणार, आणि हातात नक्षीदार वीट!

"मिक्सरमधून काढू?" मी म्हणालो.

"त्यात सकाळी ठेचा वाटलाय," मीनल म्हणाली. "नवरीला पाठवणीच्या आधीच रडवायचंय का?"

शेवटी मीनलने नवी चहाची गाळणी काढली. मी सुरीने खरवडायचं, मीनलने चमच्याने कुटायचं, रूपालीने चाळायचं. निम्मं काम घरात, उरलेलं रिक्षात. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. अशी पांढरी पावडर कुटणारं कुटुंब त्याने पहिल्यांदाच पाहिलं असणार.

नवरी मात्र छान दिसली हो! तिच्या मावशीने तिथल्या तिथे आपल्या मुलीच्या साखरपुड्याची ऑर्डर दिली.

रूपाली खुशीत परतली. जेवताना तिने ती डबी माझ्यासमोर उलटी धरली. "भाऊजी, हे बुडाला ठळक अक्षरांत 'लूज पावडर' लिहिलंय. वाचलं नाही का?"

मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. उत्तर मीनलनेच दिलं.

"तो कसा वाचेल? खराडीला त्याच्या कंपनीत तो सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची पुस्तकं लिहितो. आणि रोज घरी येऊन कुरकुरतो, की लोक मेले काही वाचतच नाहीत!"