नऊ-वीसची गाडी

विहाराच्या नव्या स्मरणिकेत माझा लेख हवा, असं शेजारच्या वहिनींनी परवा सांगितलं. विषयही त्यांनीच दिला: ‘नऊ-वीसची गाडी आपण कशी सुरू करून घेतली.’ तेव्हा ऐका. पण ‘आपण’ हा शब्द मला थोडा बदलावा लागेल.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी मोरिवलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो आणि मांजर्लीत राहायचो. कुठला दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, अर्जाला किती फोटो लागतात, साहेब जेवून कधी परततात, हे विचारायला माणसं माझ्या दारात येत. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा उच्चारलं. माहीत फार होतं म्हणून नव्हे.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारातर्फे ‘उपयुक्त माहिती’ नावाची पुस्तिका काढायचं ठरलं. सरकारी कचेऱ्या, दवाखाने, शिष्यवृत्त्या, लग्नासाठी मिळणारी सभागृहं. काम अर्थातच माझ्याकडे. त्यासाठी मी खरोखर फिरलो. सुट्टीच्या दिवशी अंबरनाथ, उल्हासनगर पालथं घातलं. चौदा पानं भरली, ती अगदी खरी. आजही त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

छपाई उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी प्रेसवाल्याकडे होती. त्याने पानं मोजली आणि डोक्याला हात लावला.

“साईं, फर्मा सोलह पन्ने का होता है. दो पन्ने कम हैं.”

“कोरे छोड दो.”

“कोरे छोडूँ? लोग बोलेंगे, मेरी मशीन बिगड गई. कुछ भी लिख दो ना, बैठो इधर, चाय मँगाता हूँ.”

चहा येईपर्यंत मी एका पानावर प्रथमोपचार लिहून टाकले. दुसऱ्यावर ‘प्रवास’. मुरबाडकडे जाणाऱ्या एसटीच्या दोन वेळा मला पाठ होत्या: सकाळी आठ आणि साडेअकरा. लिहिल्या. पण मधे एवढी मोठी पोकळी! तोंडातला पुढचा दात पडल्यासारखी दिसत होती. एखादी गाडी मधे असणारच, असं मला मनापासून वाटलं. मी लिहिलं, नऊ-वीस. साडेनऊ लिहिलं असतं तर कुणालाही शंका आली असती. नऊ-वीस म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून पाहिल्यासारखं वाटतं. टाइमकीपरला एवढी अक्कल असते.

पुस्तिकेचं फार कौतुक झालं. घराघरांत ती खिळ्याला टांगली गेली.

दोनेक महिन्यांनी वहिनी आल्या. शिवणशिक्षिकेच्या सरकारी जागेसाठी मुरबाडला त्यांची मुलाखत होती, अकरा वाजता.

“भाऊजी, आठच्या गाडीने गेले तर पाणी कोण भरणार? नळ तेव्हाच येतो. ही नऊ-वीसची बरी पडेल ना मला?”

पुस्तिका त्यांच्या हातात होती, पान उघडलेलं होतं. इथे मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, “हो, हो. अगदी वेळेवर पोचाल.”

फर्म्याची दोन पानं मी प्रेसवाल्यावर ढकलेन. हे वाक्य कुणावर ढकलू?

दुसऱ्या दिवशी वहिनी इस्त्रीची साडी नेसून, नमुन्याचे ब्लाउज पिशवीत घेऊन स्टॅंडवर उभ्या राहिल्या. साडेअकरापर्यंत. मुरबाडला पोचल्या तेव्हा मुलाखती आटोपून साहेब निघून गेले होते. संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. मला वाटलं, आता संपलं.

“गाडी बंद केली मेल्यांनी!” त्या म्हणाल्या. “भाऊजी, अर्ज लिहा.”

आणि मी लिहिला. ‘सदर गाडी कोणतीही पूर्वसूचना न देता रद्द करण्यात आल्याने प्रवाशांची, विशेषतः महिलावर्गाची, अतोनात गैरसोय होत आहे.’ माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर अर्ज. खाली सत्तर-ऐंशी सह्या झाल्या. त्यातले निम्मे लोक छातीठोकपणे सांगत होते की या गाडीने ते स्वतः गेलेत.

आगारात वहिनींबरोबर सहा बायका होत्या आणि त्यांच्या मागे, शक्य तितका मागे, मी. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं.

“बाई, अशी गाडी आमच्या कागदावर कधीच नव्हती.”

“आमच्या कागदावर आहे ना!” वहिनींनी पुस्तिका टेबलावर ठेवली. “छापलेलं खोटं असतं काय?”

“कोणी छापलं हे?”

साती बायकांनी अभिमानाने माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी चष्मा काढला. “तुम्हाला ही वेळ कुठून मिळाली?”

“चौकशीअंती,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. त्यांना कळलं होतं, यात मला शंका नाही. तरी ते म्हणाले, “मागणी असेल तर बघू.” वहिनींनी ती मागणी थंड होऊ दिली नाही. दर आठवड्याला त्या आगारात जात. शेवटी गाडी सुरू झाली. सकाळी, नऊ वाजून वीस मिनिटांनी. पुस्तिकेत छापलेलं सगळं खरं ठरलं.

विहारात सत्कार झाला. माझा. शाल वहिनींनीच मला पांघरवली आणि भाषणात म्हणाल्या, “भाऊजींसारखा माहितगार माणूस वस्तीत आहे म्हणून.” टाळ्या पडल्या. ती शाल मी एकाही थंडीत वापरली नाही. घरातले विचारत, मी म्हणायचो, टोचते.

वहिनींनी पुढे घरीच शिवणाचे वर्ग काढले. अर्ध्या मांजर्लीच्या मुली त्यांच्याकडे शिकल्या. मी स्वतःची समजूत घालत होतो की झालं ते बरंच झालं. मग मागच्या दिवाळीत चहा ओतता ओतता त्या सहज म्हणाल्या, “ती नोकरी लागली असती ना भाऊजी, तर आज पेन्शन असती.” बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “घ्या, निवतोय.”

तो चहा मी प्यायलो. 

तर वहिनी, गाडी कुणी बंद केली नव्हती. ती नव्हतीच. मी ती चहा येईपर्यंतच्या वेळात लिहिली आणि तुम्ही ती रस्त्यावर आणली. सत्कार तुमचा व्हायला हवा होता, आणि मुलाखत चुकल्याचा दोष माझ्या नावावर.

स्मरणिकेच्या संपादक तुम्हीच. रविवारी लेख न्यायला याल तेव्हा मी घरीच असेन, शाल घडी करून टेबलावर ठेवलेली असेल. लेख छापायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नाहीच छापला आणि फर्म्यात दोन पानं कमी पडली, तर कृपा करून ती कोरी सोडा.