वडिलांनी चढवलेला मजला

राजारामपुरीतलं आमचं दुकान मजल्यामजल्यानं वाढलं. आजोबा गडहिंग्लजहून आले आणि तळमजल्यावर कापड विकायला बसले. काका आणि वडील हाताशी आल्यावर वर एक मजला झाला. तिथं तयार कपडे आणि शाळेचे गणवेश आले. त्याच्यावरचा मजला मी शाळेत असताना चढला. मग भांडी, खेळणी, प्रवासी बॅगा, सगळंच एका ठिकाणी मिळायला लागलं आणि बोर्डावर 'डिपार्टमेंटल स्टोअर' अशी मोठी अक्षरं आली. वडील गेल्यावर मी नोकरी सोडून दुकानात बसायला लागले. आता काका आणि मी, दोघंच मालक.

गेल्या उन्हाळ्यात एक माणूस दुपारच्या शांत वेळी यायला लागला. कधी एखादा रुमाल घ्यायचा, कधी काहीच नाही, पण सगळं दुकान फिरायचा. मालाकडं त्याचं लक्षच नसायचं. छताकडं बघायचा, खांबावर बोटांनी वाजवून बघायचा.

"काय दाखवू?" मी विचारलं.

"नको, बघतोय नुसतं."

गणवेशाच्या काउंटरवरच्या मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, हे पावणं गिऱ्हाईक न्हाय. काल काकांनी मागच्या जिन्यानं वर नेलतं त्यांना."

मागचा जिना आम्ही फक्त माल चढवायला वापरतो. मी काकांना विचारलं.

"कागलच्या एमआयडीसीतला हाय. रॅक बनवतो," काका म्हणाले. मान वर केली नाही.

रॅक बनवणारा माणूस छत कशाला बघेल?

आमच्या रस्त्यावरची जुनी दुकानं एकेक करून मोठ्या कंपन्यांकडं चालली होती. काका आमचंही विकतायत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मग काका काहीही करोत, मला त्यात तेच दिसायला लागलं. फोन आला की ते फुटपाथवर जाऊन बोलायचे. वरच्या मजल्याचा नवा माल मागवणं त्यांनी बंद केलं. पितळी भांडी अर्ध्या किमतीत काढून टाकली. मी जवळ गेले की बोलणं मध्येच थांबायचं. काकूंनी घरी जेवायला बोलावलं, तर हे माझ्या सहीसाठी चाललंय असं वाटून मी गेलेच नाही.

एका दुपारी तो माणूस आणि काका पुन्हा वर गेले. मी मागच्या जिन्यानं गेले आणि दाराशी थांबले.

"पुतणीला सांगा आता," तो म्हणत होता. "दुकान त्यांचंपण आहे."

"एवढ्यात न्हाय," काका म्हणाले.

मी सरळ आत शिरले. "काय सांगायचं नाही मला? कुणाला विकलंय दुकान?"

काका बघतच राहिले. "विकलंय? काय बोलतीयास?"

त्या माणसानं बॅगांचा स्टँड बाजूला ओढला. मागच्या भिंतीला तिरकी भेग गेली होती. माझं बोट तिच्यात सहज गेलं असतं. तो इमारती तपासणारा इंजिनिअर होता. खालचे खांब वर एकच मजला धरून घातलेत, या दुसऱ्या मजल्याचा भार त्यांना झेपत नाही, असं त्यानं सांगितलं.

पलीकडे एक बाई मुलीला घेऊन खेळण्यातली रेल्वे बघत होती.

"आणि तुम्ही लोकांना वर येऊ देताय?"

"वजन कमी करत हुतो की," काका म्हणाले. ते एका बॅगेवर बसले. "टेकू लावणार हुतो. दुकान बंद केलं असतं तर गावभर झालं असतं."

"निदान मला तरी सांगायचं!"

काका म्हणाले, "हा मजला तुझ्या बापानं हट्टानं चढवला. मी नको म्हणत हुतो, गवंडीबी नको म्हणत हुता. तुला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

त्या बाईला आणि मुलीला मी स्वतः खाली नेऊन सोडलं. संध्याकाळच्या आत वरच्या मजल्याच्या जिन्याला कुलूप लावलं. विचारणाऱ्या प्रत्येकाला खरं कारण सांगितलं. काही गिऱ्हाईकं दारातनंच माघारी फिरली, ती नंतर आलीच नाहीत. पावसाळ्यानंतर तो मजला उतरवला. भांडी कायमची बंद झाली, खेळणी गणवेशाशेजारी आली.

आईला मी विचारलं, हट्ट नक्की कुणाचा होता? ती म्हणाली, "दोघंबी भांडत हुते एवढं आठवतंय. कोण हो म्हणत हुतं आणि कोण न्हाय, मला कोण सांगतंय?" गवंडी तर कधीच वारला होता.

काका आता मला सगळं सांगतात, इंजिनिअर खांब बघून काय म्हणाला, कुणाचा फोन आला तेसुद्धा. मी मान डोलावते. मग ते जेवायला घरी गेले की इंजिनिअरला फोन लावून तेच पुन्हा विचारून घेते.