सॅम्युएलमामांची साथ

कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मला मुलुंडच्या आमच्या चर्चमधला पियानो आठवतो. कसर लागू नये म्हणून त्यातही त्याच गोळ्या असत. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, चालीखाली साथीचे सूर जुळवायला नुकतीच शिकलेली, आणि गाणाऱ्या मंडळींना कस्पटासमान लेखणारी. ओळ संपली की सगळे चढावरच्या बैलांसारखे दम खात थांबायचे. त्यात सगळ्यांत बेसूर म्हातारे सॅम्युएलमामा, आणि बसायचे मात्र पहिल्या बाकावर!

त्या रविवारी एका जुन्या गीताला मी आठवडाभर खपून नवी साथ बसवली होती. मंडळींच्या दम घ्यायच्या जागासुद्धा मी सुरांनी भरून टाकल्या. दुसऱ्या कडव्याला अर्धं चर्च गप्प झालं. तिसऱ्याला एकटे मामाच रेकत राहिले. अडाणी मेले, मी मनात म्हटलं.

उपासना संपल्यावर मामा पियानोपाशी आले. "झकास वाजवलंस गं पोरी. आम्हाला काय ते झेपेना. पण तू एकटी पडू नयेस म्हणून मी आपला गात राहिलो."

मी पियानोचं झाकण धाडकन लावलं. इतकी बहिरी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही.