फुटनोट वाचताना पडलेले दोन ठोके

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगू का... निम्म्यांवर हसते. कोणाला वळणावर बाई दिसते, कोणाच्या मागे पैंजण वाजतात. मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. साक्षीदार कोण, उजेड किती होता, आवाज कुठून आला, हे विचारल्याशिवाय मला अन्न पचत नाही. सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी भर गर्दीत विचारलं होतं, "देवी, आमच्यासोबत आता इतकी वर्षं सुरतेत आहात, गुजराती शिकलात का?" घरी आल्यावर आईने लाटणं घेऊन माझी आरती केली, ती गोष्ट वेगळी.

म्हणून हेही साक्षीदारासारखं सांगते. जे ऐकलं तेवढंच. तिखटमीठ नाही.

आमच्या कॉलेजात विद्यार्थीच चालवतात असं एक जर्नल आहे — आंतरराष्ट्रीय आणि तुलनात्मक कायद्याचं. म्हणजे एकाच प्रश्नावर वेगवेगळ्या देशांची कोर्टं काय म्हणतात, ते शोधून शेजारीशेजारी मांडायचं. प्राध्यापक फक्त प्रस्तावनेपुरते. लेख निवडणं, तपासणं, छापणं, सगळं आम्हीच. सध्या त्याची एडिटर मी, अश्विनी. आणि माझ्या आधी होता मिलिंद.

मिलिंद सुरतेतल्याच भेस्तानचा. त्याचे वडील कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, मूळचे भुसावळकडचे. भेस्तानच्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर एक वाचनालयाची खोली आहे, तिची किल्ली त्याच्या वडिलांकडे, म्हणजे आमच्या काकांकडेच असते. कॉलेजात आम्हाला बसायला जागा नव्हती, म्हणून मिलिंदने आमचं सगळं बिऱ्हाड त्या खोलीत नेलं. एक लांब लाकडी टेबल, दोन खुर्च्या, रस्त्याकडे खिडकी. जर्नलचं ऑफिस ते एवढंच.

आता आमची तपासण्याची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. छापायला जाण्याआधी प्रत्येक लेख मोठ्याने वाचायचा. एक जण वाचतो — कॉमा, फुलस्टॉप, ब्रॅकेटसकट. "कोर्ट हेल्ड कॉमा इन पॅरा ट्वेल्व्ह कॉमा..." असं. समोरचा मूळ निकाल उघडून त्यात बोट ठेवून बसतो. वाचणाऱ्याने कागदावरून डोळे काढायचे नाहीत, कारण डोळे हलले की ओळ निसटते. आणि तपासणाऱ्याने बोलायचं नाही. सगळं बरोबर असेल तर गप्प राहायचं. शंका आली तर टेबलावर दोन ठोके. ठोके पडले की वाचणारा तेच वाक्य पुन्हा वाचतो.

ही ठोक्यांची भानगड मिलिंदची. तो बोलताना अडखळायचा. "थांब" म्हणायचं तर "थ"वरच गाडी अडकायची, तोवर वाचणारा पुढच्या पॅराग्राफमध्ये. मग त्याने पेन उलटं धरून ठोकायला सुरुवात केली. पहिला ठोका हलका, जरा थांबून दुसरा जोरात. टक्... टक्क. जणू आधी दार वाजवतोय आणि मग आत येतोय. वादविवादाला कधी उभा राहिला नाही, पण त्याच्या हाताखालून चुकीची फुटनोट गेलीय असं एकदाही झालं नाही. मी चिडायचे. "अरे बाबा, छापू दे की आता!" तो हसायचा आणि परत... टक्, टक्क.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने तो गेला. ताप आला म्हणाला, आणि आठवड्याच्या आत नव्हताच. मी त्यावर जास्त लिहिणार नाही.

मागे त्याचा एक लेख राहिला, अर्धा. विषय असा — ठेकेदाराचा मजूर मशीनमध्ये सापडून जखमी झाला, तर भरपाई ठेकेदाराने द्यायची की कारखान्याच्या मालकाने? भारताचा भाग लिहून झाला होता, इंग्लंडचाही. तिसऱ्या देशाच्या नावाखाली नुसतं मथळ्याचं वाक्य. आम्ही ठरवलं, लेख पुरा करायचा आणि त्याच्या एकट्याच्या नावाने छापायचा. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी अर्ध्या लेखाचे कागद हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, "त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाले हातात भेटलं तं बरं होईल, बेटा. मले काही इंग्रजी समजत नाही. पण पोराचं नाव छापेल पाहाचं हाय."

तेव्हा तुम्हीच सांगा, ह्या लेखात चूक चालली असती का? तो पुढचा लेख लिहून दुरुस्ती करणार नव्हता. त्याच्या नावावर आयुष्यभरात एकच लेख असणार, आणि तो हाच.

तिसरा भाग मी लिहिला. समुद्रापलीकडच्या एका देशातला अपील कोर्टाचा झकास निकाल सापडला. कोर्टाने म्हटलं होतं, मालकच जबाबदार. लेखाचा शेवट त्या निकालावर असा काही चढला की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. पान, वर्ष, पॅरा, तिरकी अक्षरं, सगळं चोख.

फाईल दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये जायची होती. रविवार, भर दुपार. त्या भागात लाइनचं काम चालू म्हणून लाइट गेलेली. पंखा बंद, आजूबाजूचे लूम, म्हणजे यंत्रमागही बंद. एरवी भेस्तानमध्ये टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला तर त्यात लाटा उठतात. त्या दिवशी इतकी शांतता होती की खालचं कबुतर घुमलेलं ऐकू येत होतं.

तपासायला समोर हार्दिक. हा वराछाचा गुजराती, आमचा सब-एडिटर, स्वभावाने रॉकेल — जरा उशीर झाला की पेटला. त्याचे ठोके म्हणजे नवरात्रीचा ढोल, बोटांच्या पेरांनी धडाधड.

मी वाचायला लागले. भारत झाला, एक ठोका नाही. इंग्लंडमध्ये एका ठिकाणी धडधड झालं, कॉमा राहिला होता, लावला. खाली कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, मी लक्ष दिलं नाही. मग तिसरा भाग. मी वाचतेय, वाचतेय, आणि त्या झकास निकालाची फुटनोट आली. वाचली.

टक्... टक्क.

मी पुन्हा वाचली. सावकाश.

टक्... टक्क.

मनात म्हटलं, आज ह्याने पेन कुठून काढलं? नियम म्हणजे नियम, मान वर केली नाही. तिसऱ्यांदा वाचली, एकेक आकडा सुटा करून. पुन्हा तेच. पहिला हलका, दुसरा जोरात. टेबलावर टेकलेल्या माझ्या मनगटाला तो दुसरा ठोका लागला. हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन.

माझं डोकंच फिरलं. "अरे पान बरोबर, वर्ष बरोबर, पॅरा बरोबर... अजून काय पाहिजे तुला?" असं म्हणत मान वर केली.

समोरची खुर्ची रिकामी होती.

निकालाचे कागद पसरलेले. त्यांच्यावर हार्दिकचं पेन, टोपण लावलेलं. खोलीत मी एकटी.

घाबरले का? हो, घाबरले. पण पळाले नाही. खिडकीशी गेले. खाली हार्दिक बाइक सरकवत होता आणि काका टेम्पोवाल्याला हात करून वाट दाखवत होते.

"हार्दिक! तू खाली कधी गेलास?"

"क्यारनो! इंग्लंड पूरुं झालं ने, तेव्हाच," तो खालूनच ओरडला. "टेम्पोवाला हॉर्न मारत होता. तुला हात केला, तू बघितलंच नाही. बोलायचं नाही ना, मग काय करू?"

काकांनी मान डोलावली. "हाव, आमी इथंच हावो मघापासून." म्हणजे साक्षीदार दोन.

हार्दिक वर आल्यावर मी त्याला सांगितलं. आधी तो हसला. मग माझा चेहरा बघून हसणं थांबलं. त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं, कपाट हलवलं, दारामागे पाहिलं. पाल नाही, उंदीर नाही. शेवटी खुर्चीच्या कडेवर बसला, मागे टेकलाच नाही.

"ठोके पडले म्हणजे काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

"पुन्हा तपासायचं."

"तो कर ने, यार!"

पण तपासायचं काय? फुटनोटमधलं अक्षर न् अक्षर आमच्या समोर होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही सगळे फुटनोट तपासणारे किडे. निकाल कसा लिहिलाय ते बघतो, स्वल्पविरामासाठी भांडतो. तो निकाल अजून उभा आहे का, हे मिलिंद गेल्यापासून कोणी बघितलंच नव्हतं. ते काम तो गुपचूप करायचा. आम्हाला वाटायचं, ते होतंच.

फोनवर शोधायला लागलो. त्या देशाच्या सर्वोच्च कोर्टाच्या साइटवर हार्दिकला सापडलं. तो बराच वेळ स्क्रीन वरखाली करत राहिला.

"अश्विनी... आ जजमेन्ट तो ऊडी गयुं छे."

वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला होता. अगदी उलटं म्हटलं होतं — मालक जबाबदार नाही. मिलिंदच्या एकुलत्या एका लेखाचा शेवट अशा निकालावर उभा होता, जो आता कायदाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ते छापलं जाणार होतं. मी डोकं धरून बसले आणि मला रडू फुटलं. भीतीने नव्हे. सुटल्यामुळे.

प्रेसला दोन दिवस मागून घेतले. तिसरा भाग नव्याने लिहिला. आता त्याचा शेवट टाळ्या घेणारा नाही. तिकडच्या मजुराला कोर्टाने हात दिला नाही, असं सरळ लिहिलंय. पण खरं आहे.

घरी आईला सांगितलं. तिने "काय व्हयनं माय!" म्हणत मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका मात्र मलाच लागला. कॉलेजात एकाने समजावलं की तुझ्या मनाला ती चूक आतून माहीत होती. कशी असेल? तो वरचा निकाल मी जन्मात पाहिला नव्हता. दुसरा म्हणाला, लाकूड उन्हाने फुगतं, वाजतं. वाजत असेल. पण तीन वेळा, त्याच फुटनोटला, एक हलका आणि एक जोरात? असली साक्ष मी उलटतपासणीत पहिल्या प्रश्नाला पाडली असती. माझी स्वतःची मात्र मला अजून पाडता आलेली नाही. मी भुताखेतांना अजूनही मानत नाही. फक्त त्या दुपारचं काय करायचं, ते मला माहीत नाही.

स्मृतिदिनाला अंक घेऊन गेले. वंदना झाली, खीर वाटली गेली, माणसं पांगली. काकांनी मिलिंदच्या नावावरून दोनदा अंगठा फिरवला आणि अंक माझ्या हातात दिला.

"वाच ना, बेटा."

"काका, इंग्रजीत आहे..."

"माहीत हाय. तुमी पोरं वरतं वाचत होता तसं वाच. कॉमा-फुलस्टॉपवालं. तवा मी खालतं बसून आयकत राहो."

वरच्या खोलीत गेलो. काका-काकू भिंतीशी सतरंजीवर बसले. मी त्याच टेबलाशी बसले आणि वाचायला लागले, कॉमासकट, ब्रॅकेटसकट, मान खाली. काका डोळे मिटून ऐकत असावेत, मला दिसत नव्हतं. भारत झाला. इंग्लंड झालं. तिसरा भाग आला, आणि त्या जागची नवी फुटनोट.

ती वाचली आणि थांबले. मनगट टेबलावर टेकलेलं होतं. बाहेर लूम चालू होते, टेबल थोडं थरथरत होतं. मी वाट बघत राहिले.

काहीच वाजलं नाही.

"काय झालं गं?" काकूंनी हळूच विचारलं. "काही चुकलं का?"

"नाही काकू," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, तरी कागदावरून काढले नाहीत. "बरोबर आहे." आणि पुढची ओळ वाचायला घेतली.