रवंथवाली काकी

रवंथवाली काकी सकाळी मारुतीच्या पायरीवर बसून पोथीतली एक ओवी वाचायची आणि पोथी मिटायची. त्या दिवशी मग दुसरी ओवी नाही. गावातले लोक श्रावणात अख्खी पोथी धडाधड संपवून जेवणावळीला बसत, तेव्हा हिचं पानही उलटलेलं नसे.

"काकी, या चालीनं तुझी पोथी कधी सरन?" असं कोणी टोकलं की म्हणे, "गाय चारा खाते घडीभर, रवंथ करते दुपारभर. तुमी तं नुसते खाऊनच राहिले." त्यावरून हे नाव पडलं.

परवा तिच्या दिराच्या नातवांनी तिच्या नावाचा सभामंडप बांधला. पाटीवर कोरलंय : शांतिमूर्ती. जन्मात कधी रागावल्या नाहीत. स्वखुशीने जमीन दिली. वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. सगळं खोटं! खरं माहीत असलेला मी एकटा उरलोय, म्हणून लिहितो.

रोवणीत, धानाचे परे म्हणजे रोपं चिखलात लावताना, बाकीच्या बाया गाणी म्हणत; काकी सकाळच्या ओवीतला एखादा शब्द पुटपुटत राही. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाखाली डोळे मिटून बसे. माझी बांधी, धानाचा पाणी भरलेला तुकडा, तिच्या बांधीला लागूनच. एकदा मी विचारलं, "काकी, देव दिसते काय?"

"दिसत काही नाई, बाबू. बांधीत पाय हलवला का पाणी गढूळ. उभा राह्यला चूपचाप, का गाळ आपसूक खाली बसते. ओवी धरून बसणं म्हंजे पाय न हलवणं. पाणी निवळलं का त्यात तो असतेच."

काकीला मूल नव्हतं, नवरा गेलेला. तलावाखालच्या तिच्या बांध्या गावात सगळ्यांत चांगल्या. मालगुजारी गेली, मालगुजाराच्या जमिनी त्या कसणाऱ्या कुळांच्या नावावर चढू लागल्या आणि दिराची नियत फिरली. त्यानं पंच बसवले. म्हणाला, "वहिनी पागल हाय. तिच्या नावानं जमीन कायले? माझ्या नावानं करा, मी पोसतो तिले."

साक्षीला मला उभं केलं. पंचांनी विचारलं, "बाई घंटोघंटे डोळे मिटून बसते, खरं काय?"

"बसते."

"एकटीच बोलते?"

"बोलते."

दोन्ही खरंच होतं. पण ती काय बोलते, कशासाठी बसते, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. तलावाचं पाणी माझ्या बांधीत दिराच्या बांधीतून यायचं. माझे परे पाण्यावाचून पिवळे पडत होते आणि दीर माझ्याकडे टक लावून पाहत होता.

काकी एवढंच बोलली, "पोथी वाचून चूप बसते तो पागल, अन् वाचून दुसऱ्याचं खाते तो शहाणा काय?" पंच हसले. जमीन गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या बांधीत पाणी आलं.

त्याच पावसाळ्यात ती स्वतःच्याच बांधीत मजुरीनं रोवणीला आली. मी जवळ गेलो. "काकी, राग सोड."

तिनं हातातली पऱ्यांची जुडी माझ्या तोंडावर फेकली. "काऊन सोडू? तुमी जमीन सोडता काय? पंचायत बसली त्या दिवसापासून एकाच ओवीवर अडून हावो मी. वाचलं का तुमची थोबाडं दिसतात, सारा गाळ वर येते. येऊ दे! मी पाय हलवणार नाई. गाळ बसन तवा बसन."

ही ती कधीही न रागावलेली शांतिमूर्ती.

त्यानंतर कितीतरी रोवण्या झाल्या. ती रोज पायरीवर बसे, तीच ओवी वाचे आणि पोथी मिटे. मी त्या वाटेनं जाणं टाळत असे. मग एका सकाळी ती माझ्याच दारात उभी. म्हणाली, "बाबू, आज दुसरी ओवी काढली. पाणी दे प्याले." मी लोटा दिला. पाणी पिऊन ती कामावर गेली. शेवटपर्यंत ती लोकांच्या बांध्यांत राबली.

दिराच्या त्या नातवांना मी पाटी बदला म्हटलं. ते म्हणाले, "जाने दो ना आजोबा, अच्छा दिसते."

अच्छा दिसते! अरे, शांती तिला जन्मतः मिळाली नव्हती. अपमान गिळत, रागासमोर रोज बसून तिनं ती मिळवली होती. जमीन आम्ही घेतलीच होती. आता तिचा रागही तासून टाकला, म्हणजे आमचं पापही गेलं!

मीही रोज सकाळी पोथी उघडतो. एक ओवी वाचतो. ती पाटी डोळ्यांसमोर येते, पंच येतात, माझं ते 'बसते, बोलते' येतं. गाळ वर येतो.

माझी अजून पहिलीच ओवी चालू आहे.